प्रार्थनेचा विषय

“आणि हे प्रेमळ बापा, तुझं एक लेकरू आज चुकीच्या वाटेला लागलंय. मी तिचं नाव घेत नाही, प्रभू. तुला ते ठाऊक आहे. तिचे वडील राहुरीकडे प्रचारक आहेत, तुझ्या सेवेत त्यांनी हाडं झिजवलीत. ती मोठी आहे, बारावी झालेली, निळ्या फुलांचा ड्रेस घालते—”

“होय प्रभू,” लोंढेबाई पुटपुटल्या.

“—आणि तिच्या आईनं आणि मिरजेच्या मावशीनं मिळून तिच्या बापाच्या डोळ्यांत धूळ फेकायचं ठरवलंय, प्रभू. श्रीरामपूरचं चालून आलेलं चांगलं स्थळ सोडून तिला नर्सिंगला पाठवायचा घाट घातलाय. उद्या समारोप झाला की मावशी तिला इथूनच परस्पर घेऊन जाणार आहे. त्या लेकराला सद्बुद्धी दे. तुझ्या नावानं मागते, आमेन.”

“आमेन,” सगळ्या म्हणाल्या, आणि तो शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत लोंढेबाईंनी डोळे उघडून विचारलं, “आढावांची एस्तेर ना हो?”

“मी नाव घेतलं नाही हं,” चक्रनारायण आंटी म्हणाल्या. डोक्यावरचा पदर खाली घेऊन त्यांनी चहाची किटली पुढं ओढली.

मी तेव्हा चोवीस वर्षांची, नुकतीच शाळेत नोकरीला लागलेली. मुलींच्या उन्हाळी शिबिरात ताई म्हणून जायचं माझं ते पहिलंच वर्ष. पाचगणीच्या अलीकडे एका शाळेचं वसतिगृह सुट्टीत रिकामं असायचं. ते आमच्या चर्चच्या मंडळ्या मे महिन्यात भाड्यानं घ्यायच्या. नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या चर्चमधून मुली यायच्या, उकाड्यातून सुटका झाली म्हणून खूश असायच्या. सकाळी वचनपाठ, दुपारी भरतकाम, संध्याकाळी गाणी आणि उरलेल्या वेळात पवित्र होणं, असा सगळा कार्यक्रम. शिबिराच्या प्रमुख चक्रनारायण आंटी. नवरा निवृत्त हेडमास्तर, दोन्ही मुलगे आखातात, आणि गळ्यातलं सोनं पदराआड सारून ‘साधी राहणी’ या विषयावर तासभर बोलायची बाईंची तयारी.

तोंडात तीळ भिजत नाही अशा बायका मी पुष्कळ पाहिल्यात. पण त्या निदान इकडंतिकडं बघून, आवाज खाली आणून बोलतात. आपण चहाडी करतोय हे त्यांचं त्यांना माहीत असतं. आंटींचं तसं नव्हतं. पोटात काही मावेनासं झालं की त्या डोळे मिटायच्या. डोळे मिटले की त्या चहाडीचा प्रार्थनेचा विषय व्हायचा, आणि प्रार्थनेला नावं ठेवायची कुणाची छाती आहे? समोरच्या बायका ‘होय प्रभू, होय प्रभू’ म्हणत कान टवकारून ऐकायच्या. मला तर वाटतं, देव सोडून सगळ्यांचं लक्ष असायचं.

“आंटी,” मी म्हटलं, “हे तिनं तुम्हाला एकटीला सांगितलं असणार.”

“मग मी कुणाला सांगितलं? मी देवाला सांगितलं.”

“आम्ही सगळ्या इथं बसलो होतो की.”

“प्रमिला, तू नवीन आहेस अजून.” त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. “दुसऱ्याचं ओझं एकट्यानं वाहायचं नसतं, वाटून घ्यायचं असतं. शिकशील हळूहळू.”

बिस्कीट तुटून कपात पडलं. लोंढेबाईंनी लगबगीनं चमचा दिला.

एस्तेर मला मागच्या हौदापाशी सापडली, कपडे धूत होती. ती माझ्याच गटातली. उंच, सावळी, फारसं न बोलणारी पोर. बाकीच्या पोरी गाण्यात टाळ्या वाजवून हात लाल करून घ्यायच्या, ही आपली कोपऱ्यात बसून लहान मुलींच्या केसांतले गुंते सोडवायची. मिरजेचं मला तिनं आधीच सांगितलं होतं आणि मी ते माझ्यापाशी ठेवलं होतं.

“तू आंटींना सगळं सांगितलंस?” मी विचारलं.

तिचे हात थांबले. “तुम्हाला कोण म्हणलं?”

“त्याच म्हणाल्या. प्रार्थनेत. सगळ्या ताया बसल्या होत्या.”

“पण त्या म्हणल्या होत्या ना, पोरी, हे तुझ्यात, माझ्यात आन् प्रभूत!”

आदल्या दिवशी ‘ओझं उतरवायचा’ कार्यक्रम झाला होता. प्रत्येक मुलीनं एकेका ताईपाशी जाऊन बसायचं आणि मनात सलतंय ते सांगून टाकायचं. चौदा वर्षांच्या पोरींची ओझी ती काय असणार? कुणी वर्गात कॉपी केलेली, कुणी चोरून लिपस्टिक लावलेली. आंटींचं तेवढ्यावर भागत नसे. त्या हनुवटी धरून विचारायच्या, “आणखी? आणखी काय?”

“अगं, पण त्यांना कशाला सांगायला गेलीस बाई?” माझा आवाज चढला. “एका दिवसाचा तर प्रश्न होता. उद्या मावशी आली असती, बसमध्ये बसली असतीस, सुटली असतीस!”

“तेच तर नको होतं मला.” ती ओल्या हातांनीच तोंड पुसायला लागली. “बाबांना फसवून जायला मला नको वाटत होतं, ताई. आईनं आन् मावशीनं ठरवलं, मी हो म्हणले. पण बाबांच्या पाया न पडता घरातून निघायचं म्हणजे… मला वाटलं, बाबा आंटींना लई मानतात. आंटींनी शब्द टाकला तर हो म्हणतील. डोक्यावर हात ठेवून पाठवतील.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“तर श्रीरामपूर. डिसेंबरात अठरा पुरी झाली की लगीन.” मग ती अचानक तावातावानं म्हणाली, “मुलगा वाईट नाही हो ताई. पण मला माझा पगार पाहिजे. आईला चपला घ्यायच्या तरी बाबांना विचारायला लागतं. मी नाही तसं जगणार.”

मी तडक ऑफिसकडं निघाले. आंटींना गाठून निदान एवढं तरी म्हणायचं होतं की बाई, आता इथंच थांबा. पण त्यांच्या प्रार्थना साखळीचा मला विसर पडला होता.

ही प्रार्थना साखळी म्हणजे आमच्या महिला मंडळाचं भूषण. एकीनं दुसरीला फोन करून विषय द्यायचा, दुसरीनं तिसरीला, तिसरीनं चौथीला. मोबाईल नव्हते तेव्हा. तरी नगरमधल्या कुणाची सून रुसून माहेरी गेली, तर संध्याकाळपर्यंत जालन्यातल्या बायका तिच्यासाठी गुडघे टेकायच्या. पोस्टाच्या तारेला हे जमलं नसतं.

आंटी वॉर्डनच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या होत्या, फोन कानाला.

“घेतलास ना कागद? पहिला विषय, लोंढेबाईंचा गुडघा. दुसरा, इथल्या डाळीत खडे फार निघतात, स्वयंपाकिणीचं मन बदलावं म्हणून. हां. आता तिसरा जरा नाजूक आहे, निर्मला. नाव घेत नाही मी. राहुरीकडचे आपले प्रचारक आहेत ना, ज्यांचा आवाज चांगला आहे—”

मी पुढं झाले आणि फोनचा खटका बोटानं दाबून धरला.

“अगं!” आंटी ओरडल्या. “प्रार्थना तोडलीस तू!”

“चहाडी तोडली.”

“काय म्हणालीस?”

“आंटी, तिचा बाप त्या पोरीला घरी घेऊन जाईल. तिचं शिक्षण संपेल. तुम्हाला कळतंय का काही?”

“बापानं लेकीला घरी नेलं तर त्यात वाईट काय?” त्यांनी खटक्यावरचं माझं बोट बाजूला सारलं. “आणि हे बघ, मी कुणाच्या बापाला फोन केलेला नाही. मी फक्त विषय दिला. पुढं काय करायचं ते प्रभूचं काम.”

नाकानं कांदे सोलणं म्हणतात ते हेच. माझ्या मस्तकात तिडीक गेली. निर्मलाबाईंचा फोन उलट आलाच. त्यांना तिसरा विषय अर्धाच मिळाला होता, त्यांच्या घशाखाली घास कसा उतरणार? आंटींनी तो त्यांना पुरा करून दिला, माझ्या तोंडाकडं बघत बघत.

दुपारी पोरी भरतकामाला बसलेल्या असताना वॉर्डन बोलवायला आल्या. एस्तेर आढावचा फोन. मी तिच्याबरोबर गेले. शांतवन आढावांचा आवाज खरंच चांगला होता, खणखणीत. फोनपासून हातभर लांब उभी राहूनही मला सगळं ऐकू येत होतं.

“उद्या समारोपाला मी येतोय. आंटींना सांग. ट्रंक भरून ठेव.”

“बाबा, मी—”

“बाकी घरी बोलू. तुझ्या आईशी बोललोय मी.”

फोन ठेवला तेव्हा पोरीचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“आईला मारलं असेल का गं?” मी घाबरून विचारलं.

“नाही. बाबा कधी हात उगारत नाहीत.” ती भिंतीला टेकून उभी राहिली. “बोलणं बंद करतात. मागं एकदा आई न विचारता माहेराला गेली होती, तर वर्षभर बोलले नव्हते. ताटसुद्धा आईनं वाढलेलं घेत नव्हते. ताई, मावशीला उलट पाठवा. मी जाते बाबांबरोबर. आईला परत तसलं नको.”

“गप्प बस. एवढ्यात हातपाय गाळू नकोस.”

“मग काय करू?”

काय करायचं ते मला तरी कुठं माहीत होतं? रागाच्या भरात मी पुन्हा आंटींकडं गेले. त्या व्हरांड्यात बसून समारोपाच्या पाहुण्यांसाठी गुलाबाची फुलं देठं कापून सारखी करत होत्या.

“आढाव येतायत उद्या,” मी म्हटलं. “झालं समाधान?”

त्यांचा चेहरा उजळला. खोटं नाही सांगत, अक्षरशः उजळला. “बघितलंस प्रमिला? सकाळी मागितलं आणि दुपारी उत्तर! किती जिवंत देव आहे आपला!”

“उत्तर एसटीडीनं दिलंय, आंटी. बिल शिबिराच्या खात्यात पडलंय.”

कात्री थांबली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आवाजात मध कालवून म्हणाल्या, “तुझ्या मनात फार कडवटपणा आहे बाळा. सकाळपासून बघतेय मी. त्यावर एकच औषध. उद्या शेवटची आभाराची प्रार्थना तू करायचीस. पाहुण्यांसमोर, माईकवर. प्रभूपुढं वाकलीस की आपोआप नम्र होशील.”

हे त्यांचं नेहमीचंच. कुणी उलटून बोललं की त्याला प्रार्थना करायला लावायची. माणूस डोळे मिटून, मान खाली घालून उभं राहतं, आणि त्यातच त्यांना आपला विजय दिसायचा. मी ‘बरं’ म्हणून निघून आले. पायऱ्या उतरता उतरता माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं, आणि मला एकटीलाच हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, वसतिगृहाचा हॉल भरला. पोरींचे आईबाप, नगरच्या चर्चहून आलेले पाळकसाहेब, महिला मंडळाच्या बायका. बायका नेहमीपेक्षा जास्तच आल्या होत्या. तिसरा विषय सगळीकडं पोचला होता ना. शांतवन आढाव पांढराशुभ्र शर्ट घालून आले होते. आंटींनी त्यांना आग्रहानं स्टेजवर, पाळकसाहेबांच्या शेजारी बसवलं. त्यांच्या चेहऱ्यावरून राग बिग काही कळत नव्हता. लोक नमस्कार करत होते आणि ते मान डोलवून आमच्या मंडळीच्या रीतीनं ‘सलाम, सलाम’ म्हणत होते. गावात उपदेश करून करून त्या माणसाला चारचौघांत कसं दिसावं हे पक्कं ठाऊक झालं होतं. एस्तेर पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. तिची मिरजेची मार्था मावशी मागच्या दाराशी उभी होती, हातात एक पिशवी, चेहऱ्यावर काय चाललंय ते न कळल्याचा गोंधळ. तिला मी कोपऱ्यात गाठून एवढंच सांगितलं, “जाऊ नका. आणि मी ‘आमेन’ म्हटलं की मोठ्यानं आमेन म्हणा.”

बक्षिसं झाली. गाणं झालं. आंटींचं भाषण झालं, त्यात ‘नम्रता’ हा शब्द इतक्यांदा आला की पाळकसाहेबसुद्धा चुळबुळ करायला लागले. मग माझं नाव पुकारलं.

आमच्यात एक रीत आहे. प्रार्थना सुरू असताना कुणी मध्ये बोलत नाही. घराला आग लागली तरी आमची माणसं आमेन होईपर्यंत थांबतील. ती रीत आंटींनी वर्षानुवर्षं वापरून घेतली होती.

“आपण प्रार्थना करू या,” मी म्हटलं. हॉलभर माना खाली गेल्या, डोळे मिटले. मी मिटले नाहीत.

“हे प्रेमळ बापा, या शिबिरासाठी, अन्नासाठी, थंड हवेसाठी तुझे आभार. आंटींच्या प्रार्थना साखळीसाठी तुझे विशेष आभार, कारण तिच्यामुळं एक आनंदाची गोष्ट आम्हा सर्वांपर्यंत आधीच पोचली आहे.”

आंटींच्या ओठांवर हसू आलं. डोळे मिटलेलेच.

“तुझे सेवक, आमचे बंधू शांतवन आढाव यांच्यासाठी आम्ही तुझे आभार मानतो. हे प्रभू, लेकीचं चांगलं स्थळ चालून आलेलं असताना त्यांनी स्वतःच्या सुखाचा विचार केला नाही. आपली थोरली लेक एस्तेर त्यांनी आजाऱ्यांच्या सेवेला द्यायचं ठरवलं. आज इथूनच, सर्व मंडळीच्या देखत, आपल्या हातानं तिला मिरजेला नर्सिंगसाठी पाठवायला ते मुद्दाम एवढ्या लांब आले आहेत.”

आढावांचे डोळे खाडकन उघडले. माझ्याकडं बघून त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. शेजारी पाळकसाहेब भक्तिभावानं “हालेलूया” म्हणाले. आंटींचेही डोळे उघडले होते. त्यांचा हात खुर्चीवरून अर्धवट उचलला गेला, तो तसाच हवेत राहिला. काय करणार? प्रार्थना चालू होती!

“प्रभू, असे बाप आमच्यात थोडे आहेत,” मी आवाज आणखी चढवला. “या बापाचा आशीर्वाद त्या लेकीच्या डोक्यावर कायम असू दे. आणि ज्या आईनं अशी लेक घडवली, तिच्या घरात गोड बोलणं आणि शांती नांदू दे. तुझ्या नावानं मागते. आमेन.”

“आमेन!” मागच्या दारातून मार्था मावशी गरजली. तिच्यापाठोपाठ सगळा हॉल.

मग टाळ्या सुरू झाल्या. पाळकसाहेबांनी उठून आढावांचे दोन्ही हात हातात घेतले. “धन्य बंधू, धन्य! दोन शब्द बोला,” असं म्हणत त्यांनी त्यांना माईकपाशी आणून उभं केलं.

आढाव माईकसमोर उभे राहिले. तो माणूस खरं बोलला असता तर माझी ताईगिरी तर जाणार होतीच, शिवाय एस्तेरच्या घरी काय झालं असतं ते सांगायला नको. त्यांनी समोरच्या माणसांवरून नजर फिरवली. बायका पदरानं डोळे टिपायला आधीच तयार बसल्या होत्या. त्यांनी खिशातून रुमाल काढला.

“गेले तीन महिने,” त्यांचा तो चांगला आवाज हॉलभर घुमला, “प्रभू माझ्याशी या विषयावर बोलत होता. मी झगडलो. बाप आहे, शेवटी माणूस आहे. पण काल… काल प्रभूनं मला जिंकलं.”

झालं! हुंदकेच सुरू झाले. त्यांनी एस्तेरला वर बोलावलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून लांबलचक आशीर्वाद दिला. तीन महिन्यांची ती गोष्ट त्यांनी एका मिनिटात रचली होती. बाप रे, काय माणूस! मला त्या क्षणी त्याची किळस आली आणि त्याचं कौतुकही वाटलं, पण किळस जास्त.

आंटी तरी मागं कशा राहतील? त्यांनी माईक घेऊन सांगून टाकलं, “हा विषय मी स्वतः प्रार्थनेत ठेवला होता.” पुढं कितीतरी वर्षं नगरपासून पुण्यापर्यंत त्या हीच साक्ष देत फिरल्या. एका गरीब प्रचारकाचं कठोर मन त्यांच्या प्रार्थनेनं कसं वितळलं, नर्स होऊन ती पोर आज कशी सेवा करते आहे, वगैरे. मी एकदा पहिल्या रांगेत बसून ती ऐकली. माझ्याकडं बघून त्या एक शब्दसुद्धा अडखळल्या नाहीत. त्यांना ते खरंच तसं आठवत होतं.

कुणी विचारतं, देवापुढं उभी राहून खोटं बोललीस, पाप नाही का वाटलं? नाही वाटलं. इतक्या बायका त्याच्यापुढं इतकी वर्षं खरं खरं सांगून लोकांची घरं मोडत होत्या, तेव्हा त्यानं कुणाला अडवलं नव्हतं.

समारोपानंतर मी फाटकापाशी गेले. सातारची बस यायची होती. आढाव लेकीची ट्रंक स्वतः उचलून आणत होते, कारण रस्त्याच्या कडेला पाळकसाहेब आणि आठ-दहा माणसं उभी राहून कौतुकानं बघत होती. माझ्याजवळून जाताना ते थांबले. चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून, दातांवर दात दाबून म्हणाले, “बाई, तुम्ही मला अडकवलंत.”

“मी कोण दादा? प्रभूनं जिंकलं ना तुम्हाला?”

ट्रंक घेऊन ते पुढं गेले आणि रस्त्याच्या कडेला मार्था मावशीपासून चार पावलं लांब उभे राहिले. मेहुणीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

एस्तेर माझ्यापाशी आली. रडून डोळे सुजले होते, तरी तिच्या तोंडावर काहीतरी नवीन होतं, लहान मुलीला जत्रेला नेल्यावर असतं तसं.

“ताई, बाबांनी डोक्यावर हात ठेवला. बघितलं ना तुम्ही?”

“बघितलं.”

“हात थरथरत होता त्यांचा. ताई, खरं सांगा. मनातून ठेवला ना?”

मी खोटं बोलू शकले असते. नुकतंच माईकवर बोलून आले होते, सराव होता. पण त्या शिबिरात तिला सगळ्यांनी गोड गोड बोलून फसवलं होतं, आणि त्या रांगेत मला उभं राहायचं नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं. “रागानं थरथरत होता. सगळ्यांसमोर बोलून बसलेत, आता माघार घेता येत नाही. एवढंच.”

तिनं रस्त्याकडं बघितलं. वळणावर बस दिसायला लागली होती. बाप लोकांकडं बघून हात हलवत होता. ती तोंड झाकून रडेल, निदान मला काही तरी बोलेल असं वाटलं मला. तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि ती ओढणी कमरेला खोचली.

“चालेल,” ती म्हणाली, आणि पुढं जाऊन तिनं बापाच्या हातातली ट्रंक घेतली.